हान साहेबांच्या आईचा रस्सा

कोरियन चिकन म्हणलं की तुम्हाला वाटणार, आता ह्यात एखादी कोरियन पोरगी येणार. गोरीपान, कपाळावर बारीक केस सोडलेली, आणि आपला फुलंब्रीचा गडी तिच्यामागं विमानात बसून जाणार. नाय. पोरगी नाय, विमान नाय, मी अजून पुण्याच्या पुढं गेलेलो नाय. ह्या प्रकरणात पन्नाशीचा एक चष्मेवाला माणूस आहे, दीड किलो कोंबडी आहे, आणि माझं थोबाड आहे, ज्याला त्या संध्याकाळी कुणीतरी कुलूप घालायला पाहिजे होतं. आणखी तुम्ही म्हणाल, आत्मचरित्र म्हाताऱ्या माणसानं लिहायचं असतं, ह्याची तर अजून तिशी व्हायची. कबूल. पण म्हातारा झाल्यावर मी हेच लिहायला बसलो तर स्वतःला जरा बरा करून लिहीन, एवढी मला माझी ओळख आहे. म्हणून आत्ताच लिहितो, लाज ताजी आहे तोवर.

तेव्हा मी उस्मानपुऱ्यात अक्काकडं राहायचो. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, खाली पिठाची गिरणी. गिरणी सुरू झाली की आमच्या फरशीतनं तळपायाला गुदगुल्या व्हायच्या, आणि मांडणीवरचे स्टीलचे डबे एकमेकांना लागून किणकिण वाजत राहायचे. डबे लई होते, कारण अक्काचा धंदाच डब्याचा. पहाटे कुकरच्या शिट्ट्या, मग भाकरी थापल्याचा आवाज, मग झाकणं दाबून बसवल्याचा खटखट आवाज, आणि ह्या सगळ्याच्या वर अक्काचा आवाज, "रव्या, ऊठ, का पाणी ओतू?" घरात अक्का, तिचा नवरा म्हणजे आमचे दाजी, मी, आणि चौथं माणूस म्हणजे अक्काची सासू, आत्याबाई. अक्का त्यांना आत्याबाई म्हणायची म्हणून मीबी म्हणायचो. त्यांच्या अंगावरून वारं गेलेलं होतं. हातपाय बऱ्यापैकी सुधारले, पण तोंड डावीकडं वाकडंच राहिलं. एक शब्द काढायला त्यांना आपल्या चार शब्दांएवढा वेळ लागायचा. खिडकीजवळच्या पलंगावर त्या मांडीवर नॅपकिन घेऊन बसायच्या आणि अक्का त्यांची अर्धी वाक्यं परस्पर पुरी करून टाकायची. "अं... अक्...," "हां, आणते चहा." असं.

माझं शिक्षण म्हणाल तर फुलंब्रीच्या शाळेत झालं, आणि तिथं मी जे शिकलो त्याचा पेपर कुणी काढत नाय. नकला. हेडमास्तर खोकायचे कसे, गणिताचे सर आधी नाक ओढून मग छडी उचलायचे कसे, हे मी असं हुबेहूब करायचो की मार द्यायला आलेला मास्तर छडी ठेवून बाकावर बसायचा आणि म्हणायचा, "आता त्या इंग्रजीवाल्याची कर." तेव्हापासून डोक्यात बसलं की आपल्याला कुणाचाबी आवाज काढता आला की आपल्याला सगळं माफ. पुढं आयटीआय करून शेंद्र्याच्या एका कंपनीत ट्रेनी म्हणून लागलो, तिथंबी तेच. सुपरवायझरचा फोनवरचा आवाज, गेटवरच्या वॉचमनची जांभई. मशीन बसवायला कोरियाहून आलेले हान साहेब सुरुवातीला ह्या नकलांना काय म्हणतील म्हणून आम्ही बिचकून होतो. पण एकदा कँटीनमध्ये त्यांनी मागं उभं राहून स्वतःचीच नक्कल बघितली, आणि चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले. झालं, त्या दिवसापासून मी त्यांचा लाडका.

हान साहेब आमच्याच गल्लीच्या टोकाला भाड्यानं राहायचे. त्यांचा डबा मीच अक्काकडं लावून दिला. आणि तिथंच अक्काच्या जिवाला घोर लागला, कारण त्यांचा डबा रोज अर्धा परत यायचा. धुऊनपुसून यायचा, पण आत अर्धं अन्न वेगळ्या पिशवीत बांधून, वर "थँक यू" लिहिलेली चिठ्ठी. अक्कानं तिखट कमी केलं, तेल कमी केलं, भात वाढवला. डबा अर्धाच परत. अक्का म्हणायची, "चौदा डबे जातेत माझे, बाकी तेरा चाटूनपुसून येतेत. ह्या माणसाला मी काय घालू रे? आईबापापासनं कुठल्या कुठं आलाय, अन् माझ्या घरचं खाऊन उपाशी झोपतोय." शेवटी तिनं मलाच पाठवलं, विचारून ये, त्यांना काय आवडतं. हान साहेबांनी लई वेळ मोबाईल खालीवर केला आणि एक फोटो दाखवला. पातेल्यात लालभडक रस्सा, कोंबडीचे तुकडे, बटाट्याच्या मोठाल्या फोडी. "मम्मी," ते म्हणाले. आईच्या हातचं. अक्कानं फोटो बघितला आणि म्हणली, "एवढंच ना? बुधवारी साहेबांना घरी बोलव. त्यांनी सांगायचं, मी करते. एकदा तरी हा माणूस माझ्या घरनं पोट भरून गेला पाहिजे."

बुधवारी ड्युटी सुटल्यावर मी छावणीच्या बाजारात कोंबडी आणायला गेलो. नेहमीचा दुकानदार सुरी पुसत म्हणाला, "कैसे काटूँ? बिर्याणी का, के सालन का?" मी म्हणलो, "चचा, कोरिया का." त्यानं माझ्याकडं बघितलं. "कोरिया की मुर्गी में क्या हड्डी नक्को बोलते क्या? हड्डी तो वहीच रहती बावा." आणि त्यानं त्याच्या मनानं बारा तुकडे केले. तिथून येताना क्रांती चौकातल्या चायनीजच्या गाडीवाल्याकडनं बाटलीत थोडा सोया सॉस मागून घेतला. बाकी गाजर, बटाटे, कांदे घरातच होते. मिरचीच्या लाल लगद्याचा एक डबा हान साहेब स्वतः घेऊन आले. त्यांनी दारात बूट काढून भिंतीला समांतर लावले, पलंगावरच्या आत्याबाईंना कमरेत वाकून नमस्कार केला, कोपरापर्यंत हात धुतले आणि अक्काचा टॉवेल कमरेला गुंडाळून गॅसपुढं उभे राहिले. अक्का त्यांच्यामागं, मी बाजूला बटाटे सोलत, आणि ओट्यावर मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवलेला त्यांचा मोबाईल. मोबाईलमध्ये त्यांच्या आईचं रेकॉर्डिंग. रस्सा कसा करायचा ते आईनं बोलून पाठवलं होतं. साहेब थोडं ऐकायचे, थांबवायचे, आणि आम्हाला हातवारे करून, थोडं हिंदी थोडं इंग्रजी जोडून सांगायचे.

तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला आणि हातातला बटाटा हातातच राहिला. असा आवाज मी कधी धरला नव्हता. जड, ओला, ओढत ओढत येणारा. शब्द तोंडाच्या एका कोपऱ्यात अडकायचा, मग सुटायचा, आणि वाक्य संपलं की लांब श्वास. मला वाटलं, कोरियातल्या म्हाताऱ्या बायका अशाच बोलत असतील. आवाज धरायचा म्हणजे आधी आपल्या तोंडात त्याची जागा शोधावी लागते. मी बटाटा सोलता सोलता ओठ हलवून बघत होतो. जीभ जड केली, जमेना. हनुवटी मागं घेतली, जमेना. मग डावीकडचा ओठ नुसता सैल सोडला आणि आवाज चपखल बसला. लई आनंद झाला मला. तेवढ्यात अक्का म्हणली, "काय म्हणती रे ती बाई?"

"म्हणती, सूनबाई, माझ्या पोराला दोन तुकडे जास्त वाढ."

"चल, वात्रट. खरं सांग की."

खरं काय ते हान साहेबांनी सांगितलं. कोंबडी आधी नुसत्या पाण्यात उकळायची, आणि ते पाणी फेकून द्यायचं. अक्कानं पातेल्यावर आडवा हातच धरला. "फेकायचं? अळणी फेकायचं? साहेब, आमच्यात ते पोराबाळांला, आजारी माणसाला देतेत." साहेबांना कळेना. तिनं ते उकळीचं पाणी वाटीत गाळलं, मीठ टाकलं, मिरपूड टाकली आणि आत्याबाईंच्या हातात दिलं. आत्याबाई नॅपकिन हनुवटीला लावून सावकाश प्यायल्या. अर्धा घोट आत, थोडं बाहेर, मग पुसणं. हान साहेब पळी हातात धरून तिकडं बघत राहिले, लई वेळ. मला वाटलं, काही वाया घालवत नाहीत ही माणसं म्हणून कौतुकानं बघतायत. आज मला ते बघणं कळतं. तेव्हा मी बटाटा सोलत होतो.

मग बाकीचं. फोडणी नाही, तेल नाही, ह्याचा अक्काला धक्काच बसला. लाल लगद्याचं बोट चाटून म्हणली, "ह्यात कुणी गूळ घातलाय का?" लसूण ठेचून, सोया सॉस, लाल तिखट, थोडी साखर, सगळं एकदम कोंबडीवर घालून पाणी. दोनदा तिचा हात सवयीनं हळदीकडं गेला आणि दोनदा साहेब "नो, नो" म्हणाले. वीसेक मिनिटं रटरट शिजल्यावर रस्सा तिला पातळ वाटायला लागला. ती येसराचा डबा घेऊन आली. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ, आमच्याकडं आमटीला दाटपणा यायला टाकतात. साहेबांनी डबा नाकाशी नेला, दोनदा वास घेतला आणि एक बोट वर केलं. एकच चमचा. अक्का असं हसली जसं काय तिला कुठलं बक्षीस मिळालं. भात मात्र तिनं त्यांच्या मनासारखा केला, चिकट, मऊ, आत्याबाईंसाठी करायची तसा गुरगुट्या.

दाजी गॅरेजवरून आले, हातपाय धुऊन बसले. साहेबांना मांडी घालून बसायला जमत नव्हतं म्हणून त्यांना पाट दिला. आत्याबाईंचं ताट पलंगावर. पहिला घास घेतला आणि हान साहेबांनी डोळे मिटले. आपण नको त्या वेळी कुणाच्या घरात शिरलो असं बघणाऱ्याला वाटावं, तसं त्यांचं तोंड झालं होतं. तिखट आधी लागत नव्हतं, गोडसर लागायचं, आणि मग मागून घशातनं चढायचं. दाजींना घाम फुटला. कुणी बोलेना. नुसता चमच्यांचा आवाज, खालच्या गिरणीचा आवाज. साहेबांनी वाटी रिकामी केली. हाडं बाजूला नीट ओळीत लावली. आणि मग त्यांनी वाटी पुढं केली.

तीन महिन्यांत पहिल्यांदा. अक्काची पळी आधीच पातेल्यात होती. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही, पण आमची आई आजारातून उठून पहिल्यांदा भाकरी मागती झाली तेव्हा अक्काचं तोंड असंच झालं होतं.

आणि मला ते सहन झालं नाही. खरं तेच लिहितो. कुणी मला सांगितलं नव्हतं. दाजी म्हणाले नव्हते की रव्या, काहीतरी कर. सगळे गप होते आणि त्या गप्पपणात माझा काही हात नव्हता, एवढंच कारण. मी म्हणलो, "साहेब, सुनो," आणि आईचं पहिलं वाक्य काढलं. अर्थ माहीत नव्हता, पण आवाज असा काढला की मोबाईलची गरज नव्हती. हान साहेबांची मान झटकन वर आली. डोळे चमकले. आणि त्यांच्या तोंडून एक शब्द निघून गेला, आई हाक मारते आणि आपण आतल्या खोलीतनं "ओ" देतो ना, तसा. मग स्वतःच ओ दिली हे कळून ते हसले. दाजी हसले. तिथं थांबलो असतो तर हे प्रकरण लिहायची वेळ आली नसती.

पण माणसं हसली की मला थांबता येत नाही. मी दुसरं वाक्य घेतलं, आणि आता नुसता आवाज नाही, सगळी बाईच उभी केली. डावा ओठ सोडला, गाल खाली ओढला, शब्द अडकवला, अडकलेला शब्द सोडवताना मान हलवली, आणि वरतून भर म्हणून ओठाच्या कोपऱ्यातनं थुंकी येऊ दिली आणि बाहीनं पुसली. दाजी मांडीवर थाप मारून हसत होते. अक्काबी पळी हातात धरून हसत होती. मग तिचं हसू एकाएकी गेलं. ती माझ्याकडं बघत नव्हती. मी तिची नजर गेली तिकडं वळून बघितलं. पलंगावर आत्याबाईंनी पदर तोंडावर ओढून घेतला होता. चमचा मांडीवर पडला होता आणि रस्सा लुगड्यावर उतरत होता.

"आत्याबाई, तुमची नाय," मी म्हणलो. "आईशपथ तुमची नाय. त्यांच्या आईची केली." आणि बोलता बोलताच मला माझं बोलणं ऐकू आलं.

हान साहेबांनी वाटी मागं घेतली आणि ताटात ठेवली. एक हात उघडा करून, बोट न दाखवता, आत्याबाईंकडं केला. मग तोच हात स्वतःच्या डाव्या गालाला लावला. "माय मदर," ते म्हणाले. "सेम." रागावलेले नव्हते. मला समजावं म्हणून सोपे सोपे शब्द शोधत होते, मशीन शिकवताना शोधायचे तसे. मोबाईलकडं बघून म्हणाले, "ये रेकॉर्डिंग... दो दिन. बोलना... मुश्किल."

मग उठले. भात तसाच होता. अक्का "साहेब, जरासं," एवढंच म्हणू शकली. त्यांनी आत्याबाईंपुढं पहिल्यापेक्षा जास्त वाकून नमस्कार केला, अक्काला "बहुत अच्छा" म्हणाले, बूट घातले. जिन्यात त्यांची पावलं मधल्या टप्प्यावर थांबली, मग पुन्हा उतरायला लागली. पुढं पाच महिने ते कंपनीत होते. मी दुसऱ्या दिवशी माफी मागितली, ते "नो प्रॉब्लेम" म्हणाले, आणि काम शिकवताना कधी आवाज चढवला नाही. फक्त कँटीनमध्ये मी कुणाची नक्कल सुरू केली की ते आपला ग्लास घेऊन दुसऱ्या टेबलावर जायचे.

आता आमच्या घरची एक रीत सांगितली पाहिजे. ताटावर बसलेल्या माणसाला बोलायचं नाही, खाल्लेलं अंगी लागत नाही. आईनं ही रीत घातली होती आणि अक्कानं ती मोडली नाही. ती माझ्यासमोर बसली आणि म्हणली, "जेव." मग मी जेवलो. शिव्या माझं ताट संपायची वाट बघत बसल्या होत्या, म्हणून मी जमेल तितकं सावकाश जेवलो. हाडं पुन्हा पुन्हा चोखली. भात संपला तर आणखी घेतला. दाजी हात धुऊन गॅलरीत गेले. अक्का बघत बसली होती. रस्सा गार होऊन वर लाल तवंग धरत होता. चव लागली का म्हणून विचाराल, तर लागली. लई चांगली लागली. ते मला आजवर कुणाला सांगता आलेलं नाही.

मी हात धुतले आणि ती सुरू झाली.

"त्यानं वाटी फुडं केली व्हती, रव्या. तीन महिने मी त्या वाटीची वाट बघितली. तुला दिसली का न्हाई? डोळे व्हते ना तुला? का नुसतं तोंडच घेऊन जल्मलास? माणूस घास तोंडात घेऊन बसलाय, त्याला त्याची आई आठवलीय, अन् तू त्याच्या आईचं तोंड वाकडं करून दावतो. माझ्या घरात. माझ्या सासूम्होरं. अन् मी हासले. मीबी हासले, ते वायलंच. उद्या त्याचा डबा तू घेऊन जायाचा, अन् परत किती येतो ते तूच उघडून बघायचं. रोज. मला सांगायचं न्हाई, तुझं तू बघायचं." ती आणखी लई बोलली, आईचं काढलं, बापाचं काढलं, मास्तरांचं काढलं, ज्यांनी छडी खाली ठेवली त्यांचं तर जास्तच. मी मान खाली घालून उभा होतो आणि खरं सांगू का, मनातल्या मनात तिचा आवाज कसा फाटतो ते ऐकत होतो.

तेवढ्यात पलंगावरनं आत्याबाईंनी हात हलवला. जवळ ये. मी गेलो. त्यांनी पदर तोंडावरनं काढला. अक्का आली, पण ह्यावेळी तिनं त्यांचं वाक्य पुरं केलं नाही. मलाच सगळं ऐकत उभं राहावं लागलं, एकेका शब्दासाठी थांबून.

"माझी... कधी... करतो का?"

"न्हाई, आत्याबाई. कधीच न्हाई केली."

"समद्यांची... करतो. माझी... का न्हाई?"

त्या थांबल्या. नॅपकिननं कोपरा पुसला.

"म्हंजी... समजतं... तुला," त्या म्हणाल्या. "मंग तिची... का केली?"

"मला म्हाईत नव्हतं, आत्याबाई. त्या अशा बोलतेत ते मला ठावंच नव्हतं."

त्यांचा ओठ हलला, शब्द अडकला, सुटेना. मी डोळे खाली घातले तर त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड वर केलं, आणि शब्द निघेपर्यंत सोडलं नाही.

"इचारायचं... व्हतं," त्या म्हणाल्या. आणि मग, तेवढाच वेळ घेऊन, "जा. भांडी... घास."